हाडांचं अळणी: कोंबडीच्या हाडांचा रस्सा पहिल्यांदा करताना

आमच्या लातूर-धाराशिवकडे मटण शिजलं की तिखट रस्सा फोडणीला टाकायच्या आधी थोडं पाणी बाजूला काढतात. त्यात हळद, आलं-लसूण आणि जेमतेम मीठ एवढंच असतं. याला आम्ही अळणी म्हणतो. वाटीभर अळणी आधी लहान मुलांना, मग घरात कुणी आजारी असेल किंवा बाळंतीण असेल तर तिला, आणि उरलं तर बाकीच्यांना. संभाजीनगरच्या मुसलमान घरांत असल्याच पाण्याला यखनी म्हणतात आणि पुलावाचा तांदूळ त्यात शिजवतात. हल्ली ज्याला बोन ब्रॉथ म्हणतात तो हाडांचा रस्सा याच कुळातला. फरक वेळेचा आहे. अळणी मटण शिजेपर्यंतचं असतं, आणि हा रस्सा हाडांतला चिकटपणा पाण्यात उतरेपर्यंत चुलीवर राहतो.

शिजवणं सोपं आहे, ते काम मंद आच करते. आपल्या भागात खरी कसोटी लागते ती भगुनंभर गरम रस्सा वेळेत गार करताना. मे महिन्यात पारा ४२ वर गेलेला असताना रस्सा ओट्यावर ठेवून झोपता येत नाही. म्हणून गार करण्याबद्दल मी जरा जास्तच सांगणार आहे, आणि तेवढा भाग तरी दोनदा वाचा.

आधी हाडं आणायची. रविवारी दुपारी चिकन सेंटरवर गेलात तर सगळ्यात सोपं. त्या दिवशी बोनलेस नेणारी गिऱ्हाईकं जास्त असतात, त्यामुळं पाठीचे सांगाडे, माना आणि पंजे दुकानात साठलेले असतात. गर्दीत ते कुत्र्या-मांजरांच्या बादलीत जायच्या आधी सांगून ठेवावं लागतं. मी शनिवारी संध्याकाळी फोन करते, "मामा, उद्या पाठ, मान आणि पंजे मिळून सव्वा किलो काढून ठेवा." हाडं मांसापेक्षा बरीच स्वस्त पडतात, पण ताजी हवीत. वास घेऊन बघा, बोट लावून बघा. बुळबुळीत लागली किंवा आंबूस वास आला तर घेऊ नका, मग दुकान कितीही ओळखीचं असो.

पहिल्यांदा करताना प्रमाण असं धरा: १ किलो पाठ-मान-पंखांची हाडं, पाव किलो पंजे म्हणजे साधारण सहा-सात, आणि २ लिटर पाणी. शेवटी सव्वा ते दीड लिटर रस्सा हाती येतो. पंजे बघून बरेच जण नाक मुरडतात, पण ते वगळू नका. पंज्यांत मांस नसतंच, नुसती कातडी, कुर्चा आणि स्नायूंच्या दोऱ्या. त्या सगळ्यात कोलॅजन नावाचं प्रथिन भरलेलं असतं. पाणी साधारण ६०-७० अंशांच्या पुढं गेलं की हे कोलॅजन हळूहळू सुटतं आणि त्याचं जिलेटिन होतं. रस्सा गार झाल्यावर थिजतो तो या जिलेटिनमुळं.

कोंबडी गावरान की बॉयलर, हा प्रश्न सगळेच विचारतात. बॉयलर पक्षी जेमतेम सहा आठवड्यांचा असतो. त्याची हाडं कोवळी आणि कुर्चा भरपूर, त्यामुळं साडेतीन-चार तासांत काम होतं. गावरान कोंबडी वर्ष-दोन वर्षं उकिरड्यावर हिंडलेली असते. तिच्या रश्शाला वास आणि चव दोन्ही जास्त, पण सहा तास तरी मोडतात. शिकताना बॉयलरच घ्या. चुकलं तर फार हळहळ वाटत नाही.

पंजे दुकानातून सोललेले मिळाले तर उत्तम. नसतील तर नखं पेराशी कात्रीनं कापून टाका आणि पंजे उकळत्या पाण्यात वीस-तीस सेकंद बुडवून बाहेर काढा. पिवळी साल मोज्यासारखी निघते. पाण्यात जास्त वेळ राहिले तर साल शिजून चिकटते आणि मग चाकूनं खरवडत बसावं लागतं. गावाकडं निखाऱ्यावर धरून भाजतात, तेही चालतं, फक्त काळं झालेलं सगळं खरवडून काढा, नाहीतर जळका वास रश्शात उतरतो. पाठीच्या हाडांत आतल्या बाजूला कण्याला चिकटलेले लालसर मऊ तुकडे दिसतात. ते फुप्फुस आणि गुर्दे. बोटानं उचकटून काढून टाका. कलेजी तर या रश्शात अजिबात नको. ती रस्सा गढूळ आणि कडवट करते, आणि तिला पित्ताची पिशवी फुटून लागलेली असेल तर सगळं भगुनं वाया जातं.

आता एक सवय मोडायची आहे. आपण कोंबडी नळाखाली खळखळून धुतो. त्यानं जंतू मरत नाहीत. उलट साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर यांसारखे जंतू शिंतोड्यांबरोबर ओट्यावर, शेजारच्या कोथिंबिरीवर, पाण्याच्या पिंपावर जाऊन बसतात. त्यापेक्षा हाडं सरळ भगुन्यात टाका, ती बुडतील एवढं गार पाणी घाला आणि एक उकळी आणा. करडा, गचाळ फेस वर येतो. पाच मिनिटं उकळू द्या, मग ते पाणी ओतून द्या आणि गरम हाडं हळू धारेखाली विसळून घ्या. भगुनंही घासून घ्या. रक्त आणि घाण निघून जाते आणि रस्सा नितळ होतो. ओतलेलं पाणी थंड झाल्यावर मी लिंबाच्या आळ्यात घालते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं ज्या लातूरनं पाहिलं, तिथल्या बाईला पाणी गटारीत सोडवत नाही.

पाण्याचीच अजून एक गोष्ट. आपल्याकडं बोअरचं पाणी जड असतं. रस्सा तासन्‌तास आटत जातो तसे पाण्यातले क्षारही घट्ट होत जातात आणि शेवटी जिभेवर खारट-तुरट चव उरते. रश्शाचं पाणी प्यायचंच घ्या, नळाचं असो की जारचं. धुण्या-विसळण्याला बोअरचं चालेल.

भांडं जाड बुडाचं स्टीलचं, पाच लिटरचं तरी हवं. काही जण हाडांतलं सत्त्व निघावं म्हणून चमचाभर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घालतात. त्यानं फार फरक पडतो असं मला कधी दिसलं नाही, घातलं तरी बिघडत नाही. फक्त जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या भगुन्यात आंबट घालून चार तास शिजवू नका.

विसळलेली हाडं भगुन्यात परत टाका, २ लिटर गार पाणी घाला आणि मध्यम आचेवर ठेवा. गरम पाणी घालू नका. पाणी हळूहळू तापत गेलं की उरलासुरला फेस एकत्र होऊन वर येतो आणि झाऱ्यानं काढता येतो. पहिली वीस मिनिटं भगुन्याजवळच थांबा. फेस दिसला की झारा कडेनं फिरवून अलगद उचला आणि वाटीतल्या पाण्यात झटका. मधोमध ढवळलं तर तोच फेस फुटून पाण्यात मिसळतो.

मग आच कमी करा, अगदी कमी. भगुन्याच्या एका कडेनं दोन-तीन बुडबुडे येतात, जरा थांबतात, पुन्हा येतात, आणि मधलं पाणी नुसतं थरथरतं. एवढीच हालचाल हवी. थर्मामीटर असेल तर तो ८५ ते ९५ अंश दाखवेल. खळाखळा उकळलं तर चरबीचे बारीक कण पाण्यात घुसळले जातात, रस्सा दुधाळ आणि तेलकट होतो. गॅसची सगळ्यात बारीक शेगडीही जास्त वाटली तर भगुन्याखाली लोखंडी तवा ठेवा. आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, चुलीवर करायच्या. त्या जाळ पूर्ण ओढून घ्यायच्या आणि भगुनं नुसत्या आहारावर, म्हणजे निखाऱ्यांवर ठेवायच्या. मध्येच एखादी शेणी सरकवायच्या. त्या अळणीसारखं नितळ अळणी मला गॅसवर करायला बराच काळ लागला.

झाकण पूर्ण लावू नका, बोटभर फट ठेवा. हाडं पाण्याच्या वर उघडी पडली तर वाटीभर गरम पाणी घाला. ढवळायची गरज नाही.

मीठ आत्ता नको. रस्सा आटणार आहे, आत्ताचं बेताचं मीठ शेवटी खारट होईल. कांदा, लसूण, आलंही आत्ता नको. चार तास शिजून त्यांचा लगदा होतो आणि गोडूस, शिळा वास येतो. शेवटचा तास उरला की अर्धा कांदा, सालासकट ठेचलेल्या पाच-सहा लसूण पाकळ्या, बोटाएवढं आलं, दहा-बारा मिरे, एक तमालपत्र आणि मूठभर कोथिंबिरीच्या काड्या टाका. हळद ऐच्छिक. मी बाळंतिणीसाठी करते तेव्हा घालते, एरवी नाही, कारण हळदीचा रस्सा मग खिचडीला-आमटीला सगळीकडं पिवळा रंग घेऊन जातो. काळा मसाला तर इथं आणूच नका. त्याची वेळ नंतर येते.

गॅस वाचवायचा असेल तर कुकर आहेच. उकळी देऊन विसळलेली हाडं, पाणी आणि कांदा-लसूण-मिरे सगळं एकदम घाला. कुकर दोन-तृतीयांशाच्या वर भरू नका. एक शिट्टी झाली की आच इतकी बारीक करा की पुन्हा शिट्टी होणारच नाही, आणि पाऊण ते एक तास ठेवा. शिट्ट्या होत राहिल्या तर आत जोरात उकळतं आणि रस्सा गढूळ होतो. वाफ आपोआप जिरू द्या, शिट्टी उचलून काढू नका. रोजच्या धावपळीत मीसुद्धा कुकरच लावते. चव थोडी वेगळी लागते, पण रस्सा चांगला थिजतो.

झाला की नाही हे कसं ओळखायचं? पंज्याचं हाड चिमटीत धरून दाबा. सांधे सुटून पेरं वेगवेगळी झाली पाहिजेत. आणि एक चमचा रस्सा फुंकून प्या, मग ओठ मिटून पुन्हा उघडा. ओठांना ओठ किंचित चिकटले तर जिलेटिन उतरलंय. अजून शंका असेल तर स्टीलच्या बशीत दोन चमचे घेऊन पाच-सात मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. बशी तिरकी केल्यावर रस्सा सायीसारखा सुरकुतला की गॅस बंद करा.

हाडं झाऱ्यानं काढून घ्या आणि रस्सा आधी पिठाच्या चाळणीतून, मग धुतलेल्या मलमलच्या ओल्या कापडातून गाळा. कापड पिळू नका. मानेला आणि पाठीला चिकटलेलं मांस सोडवलं तर वाटीभर निघतं. कांद्यावर परतून भाकरीबरोबर छान लागतं. हाडं मात्र कुत्र्यांपुढं टाकू नका. शिजलेल्या कोंबडीच्या हाडाचे टोकदार तुकडे पडतात आणि ते कुत्र्याच्या घशात, आतड्यात रुततात. खड्डा करून खोल पुरा.

आता गार करण्याबद्दल.

लग्नानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात मी रात्री नऊला रस्सा गाळला, गरम होता म्हणून झाकून ओट्यावर ठेवला आणि सकाळी फ्रीजमध्ये ठेवू म्हणून झोपले. रात्रभर भिंतीसुद्धा गरम होत्या. पहाटे झाकण उघडलं तर कडेनं बारीक फेस, आणि वास गोडसर-आंबूस. उकळून घेतला तर चालेल असं मला वाटलं होतं. आत्याबाईंनी भगुनं हातातून घेतलं आणि परसात नेऊन ओतलं. त्यामागचं कारण मला नंतर कळलं, आणि ते प्रत्येक नव्या माणसाला माहीत असलं पाहिजे. काही जंतूंची बीजं उकळीतही मरत नाहीत. रस्सा हळूहळू गार होत असताना, ६० अंशांच्या खाली आला की ती रुजतात आणि भराभर वाढतात. त्यांतल्या काहींनी, आणि हात-भांड्यांवरून आलेल्या दुसऱ्या काही जंतूंनी, सोडलेलं विष पुन्हा उकळलं तरी तसंच राहतं. म्हणून रात्रभर बाहेर राहिलेला रस्सा वासाला चांगला असला तरी टाकायचाच.

नियम असा: ६० अंशांवरून २१ अंशांपर्यंत दोन तासांत, आणि तिथून फ्रीजच्या ५ अंशांपर्यंत पुढच्या चार तासांत. आपल्या घरात उन्हाळ्यात २१ अंश कुठंच नसतात, म्हणून बर्फ लागणारच. मी सकाळीच कोपऱ्यावरून बर्फाची अर्धी लादी आणते, किंवा आदल्या दिवशी फ्रीजरमध्ये डबे भरून पाणी गोठवते. मोठी परात किंवा घंगाळ घ्या, त्यात बर्फ आणि पाणी. रस्सा एकाच भगुन्यात ठेवू नका. दोन-तीन रुंद, उथळ स्टीलच्या भांड्यांत वाटून परातीत ठेवा. प्लॅस्टिकमधून उष्णता लवकर बाहेर जात नाही. बाहेरचं पाणी रश्शाच्या भांड्याच्या गळ्यापर्यंत यावं, काठावरून आत जाऊ नये. दर दोन-तीन मिनिटांनी स्वच्छ पळीनं ढवळा. बर्फ वितळला की पुन्हा घाला. भांडं बाहेरून हाताला गार लागेपर्यंत सोडू नका. अर्ध्या तासात दीड लिटर रस्सा आरामात गार होतो. परातीतलं थंडगार पाणी तुळशीला, मोगऱ्याला.

मग झाकण लावून लगेच फ्रीजमध्ये, मागच्या बाजूला. दारात ठेवू नका. उकळता रस्सा सरळ फ्रीजमध्ये ठेवला तर शेजारचं दूध-दही तापतं, तेही टाळा. जानेवारीत काम सोपं असतं, पण बर्फाची सवय मी तेव्हाही मोडत नाही.

सकाळी डबा काढून टिचकी मारा. वर पिवळ्या चरबीचा थर आणि खाली थुलथुलणारा, मधासारख्या रंगाचा रस्सा दिसला तर तुमचं काम फत्ते. जिलेटिन ३०-३५ अंशांना वितळतं, म्हणून उन्हाळ्यात तो बाहेर कधीच थिजलेला दिसणार नाही, फ्रीजमध्येच बघायचं. थिजला नाही तर बहुतेक वेळा पाणी जास्त झालेलं असतं किंवा पंजे कमी पडलेले असतात. तो फेकू नका, चवीला चांगलाच असतो, थोडा आटवून घ्या. चरबीचा थर वापरेपर्यंत तसाच राहू द्या, नंतर चमच्यानं उचलून वांग्याच्या भाजीच्या फोडणीला वापरा.

फ्रीजमध्ये तीन, फार तर चार दिवस. त्यापुढचा फ्रीजरमध्ये, दोन-तीन महिने. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून वड्या पिशवीत भरल्या तर लागेल तेवढ्याच काढता येतात. डब्यात भरताना वर दोन बोटं जागा ठेवा, गोठताना रस्सा फुगतो. लाईट गेली तर फ्रीज उघडू नका. बंद फ्रीज साधारण चार तास गारवा धरतो, त्याहून जास्त वेळ लाईट नसेल तर फ्रीजमधला रस्सा गेला असं समजा. वापरताना हवा तेवढाच काढा आणि खळखळून उकळी आणा. तोच रस्सा पुन्हा गार, पुन्हा गरम असं करत बसू नका.

आरोग्याबद्दल लोक फार काही सांगतात, म्हणून मला दिसतं ते सांगते. तापातून उठलेल्या, तोंडाला चव नसलेल्या माणसाच्या पोटात या रश्शानं पाणी, थोडं मीठ आणि थोडं प्रथिन जातं आणि गरम घोटानं बरं वाटतं. हे थोडं नाही. पण हाडांतलं कॅल्शियम रश्शात फारसं उतरत नाही, त्यासाठी दूध, तीळ, नाचणी हवीच. बाळंतिणीनं नुसतं अळणी पिऊन भागत नाही, तिला पोटभर जेवण लागतं. वर्षाच्या आतल्या बाळाच्या रश्शात मीठ नको. मूत्रपिंडाचा त्रास किंवा युरिक अॅसिड वाढलेलं असेल तर डॉक्टरांना विचारूनच प्या.

प्यायचा कसा? वाटीभर गरम रस्सा, चिमूटभर मीठ, ताजी मिरपूड, वर लिंबाचे चार थेंब. आमच्याकडं त्यात ज्वारीची भाकरी कुस्करतात, आणि कालची शिळी भाकरी त्यासाठी जास्त चांगली, ती रस्सा पिते पण विरघळत नाही. मऊ खिचडीला पाण्याऐवजी निम्मा रस्सा घाला. आणि एकदा तरी येसर आमटी करून बघा. येसर म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळींचं मसालेदार पीठ. तेलात जिरं-लसूण तडतडवा, थोडं तिखट, काळा मसाला, मग तीन वाट्या रस्सा घाला. उकळी आली की दोन चमचे येसर गार पाण्यात कालवून ओता, नाहीतर गुठळ्या होतात. पाच-सात मिनिटं उकळली की आमटी पळीला धरते. मीठ सगळ्यात शेवटी, चाखून.